माथ्यावरचं खाचर

१

नऊ ऑगस्टच्या दुपारी अनीश उंबरकड्याच्या ओढ्यात सापडला. निजलेलं लेकरू हलक्या हाताने भिंतीकडे सारून ठेवावं, तसं पाण्याने त्याला दोन काळ्या दगडांच्या मध्ये ठेवलं होतं. अंगावर रेनकोट, गळ्यात आमच्या नकाशा केंद्राचं ओळखपत्र. फोन मात्र कुठेच नव्हता.

पाय घसरला, असं सगळे म्हणाले. अकोले तालुक्याच्या त्या डोंगरटोकाला पावसाळ्यात पाय घसरणं ही काही बातमी नव्हे.

नीलांबरीताईंना ते पटलं नाही. नगरच्या केंद्रात त्या उपग्रहाच्या चित्रांवरून भातशेतीचे नकाशे करतात. मी, हर्षल, त्यांचा मदतनीस. जीपही मीच चालवतो. अनीश आमचा डोळा होता. नकाशा म्हणे ‘इथे भात’, तर अनीश तिथे जाऊन पाही, फोटो काढी आणि सांगे, खरं की खोटं.

ताईंनी माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. दोन्ही अनीशच्या फोनवरून आलेल्या.

पहिली, आठ तारखेच्या संध्याकाळचा निरोप : ‘ताई, उंबरकड्याच्या माथ्यावरचं खाचर हे खाचर नाही, मोठं तळं आहे. बांध कच्चा आहे. खाली सत्तावीस घरं आहेत. उद्या परत वर जाऊन फोटो पाठवतो.’

दुसरी, नऊ तारखेची, सकाळी अकरा दहाची नोंद : ‘भात. आवणी पूर्ण.’ सोबत फोटो. चिखलपाण्यात उभी कोवळी हिरवी रोपं. जागेचे आकडे बरोबर त्याच माथ्याचे.

“काल तळं, आज भात,” ताई म्हणाल्या. “दोन्ही खरं कसं असेल?”

“पण उपग्रह सांगेल ना?”

“तिथेच तर अडलंय.” त्यांनी पडद्यावर राखाडी चित्र उघडलं. “हा रडारचा उपग्रह. ढगाआडूनही पाहतो. साचलेलं पाणी त्याला काळं दिसतं. आवणी झाली, म्हणजे भाताची रोपं लावली, की आधी खाचर काळंच दिसतं, कारण पाणी जास्त आणि रोप कोवळं. मग रोप फुटतं, आणि तोच तुकडा दर बारा दिवसांच्या फेरीला उजळत जातो. तळं मात्र काळंच राहतं. आता माथ्यावरचा तुकडा काळा आहे. अनीशचे साहेब रविराज म्हणतात, उशिराची आवणी. असेलही! पुढची फेरी वीस तारखेला. तोवर मी काहीच सिद्ध करू शकत नाही.”

“तहसीलवाल्यांना सांगा की.”

“सांगितलं. ते म्हणाले, तुमच्याच माणसाची नोंद आहे, भात म्हणून. मग घरं कशासाठी रिकामी करू?”

त्यांनी दोन चित्रं शेजारी लावली. सत्तावीस जुलै आणि आठ ऑगस्ट. दुसऱ्यातला काळा डाग पहिल्याच्या दीडपट होता.

“हर्षल,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “बांध घातलेलं खाचर बारा दिवसांत वाढतं का रे?”

२

बारा तारखेला आम्ही उंबरकड्याला पोचलो. धुकं इतकं खाली उतरलेलं की माथा नव्हताच. फक्त वरून येणारा आवाज होता, पाण्याचा. माथ्यावर जायच्या वाटा दोन. ओढ्याची वाट पाण्याखाली गेलेली, आणि वरच्या पर्यटन कॅम्पचा कच्चा रस्ता दहा तारखेला दरडीने गिळलेला. वर जाऊन डोळ्यांनी पाहणं शक्य नव्हतं.

मी तिसगावचा, पाथर्डीकडचा. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन निघून जातो. हे असं पायाखालून, भिंतीतून, दगडातून बोलणारं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि ती कुणाला दाखवायची, हे कळत नव्हतं.

डोंगराला अगदी लागून पहिलं घर चांगुणाबाईंचं. पन्नाशीच्या, काटक. बाया खाली खाचरात भात निंदत होत्या, आणि चांगुणाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर :

‘डोंगराच्या गं पोटाला, कोन दुखनं विचारी
 माझ्या दारीच्या दगडाला, घाम सुटला सकाळी’

ताई बांधावर थबकल्या. “बाई, हे गाणं कुठलं?”

“कुटलं म्हंजी? तोंडाला आलं ते गायलं. या, दावते.”

त्यांनी आम्हाला घरात नेलं. चुलीतली राख चिखल झालेली होती. राखेच्या मधोमध एक बारीक झरा, सुईच्या नेढ्याएवढा, बुडबुडत होता.

“उपळ फुटलाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “दरसाली अंगनात फुटतो. औंदा चुलीत. तीन दिसांत तिसऱ्यांदा चूल हालवली.”

कोपऱ्यातल्या घोंगडीतून एक म्हातारा आवाज आला, “कोन हाय गं?”

“नगरच्या बाई हायती, आत्ती.” मग आम्हाला, “माजी सासू. गोजरबाई. डोळं गेलं, पर कान आसं, की मांजराचं पाऊल वळखतील.”

“मग त्यानला सांग,” गोजरबाई म्हणाल्या, “बेडकं गप झाल्याती म्हनून.”

“बाई, घरं सोडा,” मी न राहवून बोललो. “आजच सोडा.”

चांगुणाबाई हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. “गेल्या साली बी सायेब आलं. दरड येनार, दरड येनार! आठ दीस शाळंत बसवलं. दरड न्हाई आली. गुरं हंबरून हंबरून खंगली, दोन वासरं गेली माजी. औंदा तुमचाच पोऱ्या ल्हिऊन गेलाय, वर भात हाय म्हनून. मंग मी कुनाचं ऐकू? जित्या बाईचं का मेल्या पोराचं?” त्यांनी ताईंकडे पाहिलं. “पुरावा द्या, बाई. चूल काय, घर उचलून नेते.”

“माथ्यावर आवणीला कोण बायका गेल्या होत्या?” ताईंनी विचारलं.

“आमी न्हाई. हितली येक बी न्हाई.”

३

जमीन आप्पासाहेबांची. सत्तरीचे, गुडघ्याला पट्टा, काठीवर दोन्ही हात.

“भाड्यानं दिली कॅम्पला,” ते ओसरीवर म्हणाले. “गुडघं गेलं, मी काय वर चढतोय? लावा भात न्हाई तर लावा तंबू.”

“कुणाला दिली?”

“कागुद करायला ह्यो कल्यान आल्ता.”

कल्याण कॅम्पचा व्यवस्थापक. नगर शहरातला, पांढरे बूट, तिशीतला. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तो दगडावरून दगडावर पाय टाकत आला.

“मॅडम, पावसात कॅम्प बंद असतो. मी फाटकापाशी चौकीत बसतो. मागच्या बाजूला काय लावलंय, मला माहीत नाही. भात म्हणतात, तर भात.”

“नऊ तारखेला फाटकातून कोण आत गेलं?”

कल्याणने बुटाकडे पाहिलं. “पाऊस फार होता, मॅडम. दिसलं नाही.”

तिसरे रविराज. जमिनीवरच्या तपासणीचे पर्यवेक्षक, अनीशचे साहेब. शेवगावकडचे; गोरटेले, गोड बोलणारे. आम्ही येणार म्हणून ते सकाळपासून गावात येऊन बसले होते. अनीशचं नाव निघताच त्यांनी चष्मा काढून पुसला.

“पोरगं हुशार होतं, ताई, पण उतावळं. आठ तारखेला धुक्यात काळं पाणी पाहिलं आणि घाबरलं. नऊला नीट पाहिलं, भात निघाला, प्रामाणिकपणे नोंद केली. उतरताना…” त्यांनी चष्मा परत चढवला.

“तुम्ही नऊ तारखेला कुठे होता?”

“अकोल्यात. दिवसभर.”

“आणि डाग वाढला त्याचं काय?”

“शेजारचं खाचर चिखललं असेल. ताई, तुम्ही नगरला बसून चित्रं पाहता. आम्ही चिखलात असतो.” मग माझ्याकडे वळून हसले. “काय हर्षल? आपण दुष्काळी माणसं. तुम्ही तिसगावचे, मी शेवगावचा. आपल्याला भात कळतो तो फक्त ताटात.”

मी हसलो. माणूस आपल्याकडचा वाटला. त्या धुक्यात तेवढीच ऊब होती.

परत येताना ताई म्हणाल्या, “तिघांतला एक खोटं बोलतोय.”

“कल्याण. बूट बघत होता.”

“कल्याण घाबरलाय. घाबरणं आणि खोटं बोलणं एक नव्हे.” त्यांनी अनीशचा फोटो पुन्हा उघडला. “तुला काय दिसतं यात?”

मी निरखून पाहिलं. “चांगली लागण आहे, ताई. सरळ ओळी. काही चुकीचं दिसत नाही.”

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचीच भीती वाटते.”

इतक्यात ओढ्याचा आवाज बदलला. सकाळपासून गर्जत होता, तो एकाएकी बारीक झाला, जणू कुणी वरून गळा धरला. पाऊस तर तसाच कोसळत होता.

४

“आत्तीनं आईकलं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “वढा बारीक झाला. पानी वर कुटंतरी आडतंय.” त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, तरी हात थांबले नव्हते. खाचरात एका जागी रोपं मेली होती, तिथे त्या नवी भरत होत्या. बांधावर रोपांची जुडी पडलेली.

मला हात रिकामे ठेवणं असह्य झालं. “द्या, मी लावतो.”

“लाव बाबा. तेवडीच माजी कंबर वाचंल.”

मी चिखलात उतरलो. पाणी गार, चिखल मऊ, आईच्या मांडीसारखा. एक रोप घेतलं, अंगठ्याने रोवलं, बाजूने दाबलं. चार बोटं सोडून दुसरं. चार बोटं सोडून तिसरं. ओळ सरळ यायला लागली. भीती जरा उतरली.

मागून खळखळून हसू आलं. सगळ्या बाया उभ्या राहून बघत होत्या.

“आगं बया! ह्यो काय करतोय?” चांगुणाबाईंनी कपाळाला चिखलाचा हात लावला. “येक-येक काडी! आन चार-चार बोटांवर! आरं दादा, भात लावतुयास का कांदा?”

“मग कसा लावतात?”

“चूड लावत्यात, चूड! चार-पाच रोपं येका मुटीत धरायची, खुपसायची, वीतभर मागं सरायचं. कांद्याची येकच काडी लावायची आसती, भाताचं कुटुंब लावायचं आसतं. येकटं रोप ह्या वाऱ्यापावसात टिकंल व्हय?”

मीही हसलो. लहानपणापासून कांद्याच्या वाफ्यात बसलेलो. बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या बांधावर उभ्या होत्या आणि माझ्या हातांकडे असं पाहत होत्या, जणू ते माझे नसून कुणा मेलेल्याचे आहेत.

“हर्षल, बाहेर ये.” त्यांनी फोन चांगुणाबाईंसमोर धरला. “बाई, ही माथ्यावरची आवणी. नीट पाहा.”

चांगुणाबाईंनी पदराने हात पुसले, पडदा डोळ्यांजवळ नेला. पाहता पाहता त्यांचं हसू विझत गेलं.

“ही,” त्या कुजबुजल्या, “बाईच्या हातची न्हाई. ही आमच्याकडच्या कुनाचीच न्हाई. येक-येक काडी… आन रोपं म्हयन्याची, जून झाल्याली. येवड्याशा जागंत कोंबल्याती.” त्यांनी मान वर केली. “तीन-चार दिसांमागं माज्या राबात, रोपाच्या वाफ्यात, उरल्याली रोपं कुनी उपटून नेली हुती. मला वाटलं, गुरानं खाल्ली.”

५

ताईंनी तिघांना खाचराच्या बांधावर बोलावलं. बाया एका बाजूला उभ्या. पाऊस तिरका लागत होता.

“अहवालासाठी एक मोजमाप हवंय,” ताई सहज म्हणाल्या. “प्रत्येकाने हातभर जागेत रोपं लावून दाखवा. आप्पासाहेब, आधी तुम्ही.”

“गुडघं…” म्हणत म्हातारा उतरला. पण चिखलाला पाय लागताच त्याचा हात वीस वर्षांनी तरणा झाला. मूठभर रोपं घेऊन बोटांनी चूड वेगळं केलं, खुपसलं, मागे सरकला. टप, टप, टप.

“आप्पा, आजून इसरला न्हाईसा!” बायांनी दाद दिली.

कल्याणने बूट काढले, विजार दुमडली आणि अख्खी जुडी दोन्ही हातांनी खुंट्यासारखी चिखलात ठोकली. ती आडवी पडली. त्याने परत ठोकली. परत पडली.

“आरं, तंबू गाडतुयास व्हय?” कुणीतरी ओरडलं, आणि त्या भयाण दिवसातही बाया पोट धरून हसल्या.

“रविराज, तुम्ही.”

“मला कशाला, ताई? मी साक्षीला होतो.”

“सगळ्यांनी केलं. तुम्हीही करा.”

ते उतरले. एक रोप घेतलं. अंगठ्याने रोवलं, बाजूने दाबलं. चार बोटं. दुसरं रोप. चार बोटं. तिसरं.

कुणी हसलं नाही. पाऊस वाजत होता, तेवढाच आवाज. पाचव्या रोपाला त्यांच्या ते ध्यानात आलं. हात हवेत थांबला. त्या हातात ती एकच काडी होती, वाऱ्याने लवत.

ताईंनी फोटो पुढे धरला. “हाच हात.”

“कशावरून?” रविराजांचा आवाज फाटला. “सुधारित पद्धतीत एकेकच रोप लावतात! कुणालाही विचारा!”

“लावतात. कोवळं, दहा-बारा दिवसांचं, आणि वीतभर अंतरावर. हे रोप महिन्याचं, आणि चार बोटांवर. चार बोटांवर भात कुणी लावत नाही, रविराज. कांदा लावतात. जागेचे आकडे बरोबर यावेत म्हणून तुम्ही तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात घोंगडीएवढ्या जागेत रोपं रोवलीत आणि जवळून फोटो काढलात. अनीशच्या फोनवरून. म्हणजे अकरा दहाला अनीशचा फोन अनीशकडे नव्हता.”

“दुष्काळी मुलखातला मी एकटाच आहे का? हा हर्षलही एकेकच लावतो!”

“लावतो. त्याच्याचमुळे मला कळलं. पण नऊ तारखेला तो दिवसभर माझ्यासमोर केंद्रात होता.”

कल्याण मटकन बांधावर बसला. “साहेब, मी सांगतो आता. मला नाही सहन होत. मॅडम, नऊ तारखेला सकाळी मी यांनाच फाटक उघडून दिलं. काखेत हिरवी जुडी होती. परत आले तेव्हा कोपरापर्यंत चिखल. तळं यांनीच खोदवलंय, याच उन्हाळ्यात. कॅम्प मेहुण्याच्या नावावर आहे, मालक हेच.”

रविराज चिखलात उभेच होते. बोलले ते आमच्याशी नव्हे, हातातल्या काडीशी. “मी त्याला ढकललं नाही. आदल्या रात्री त्याने मलाही कळवलं, म्हणून त्याच्याआधी वर पोचलो. म्हटलं, पाऊस ओसरू दे, बाजूने चर काढून तळं रिकामं करतो. नकाशात भातच राहू दे. तो म्हणाला, सत्तावीस घरं. नुसतं तेच, परत परत. मी फोन ओढला. फोन माझ्या हातात आला आणि तो…”

चांगुणाबाई खाचरात उतरून थेट त्यांच्या पुढ्यात गेल्या. मला वाटलं, मारणार. त्यांनी फक्त विचारलं, “बांद कसा हाय?”

रविराजांनी वर धुक्याकडे पाहिलं.

“सायेब, माजी सासू घरात हाय. बांद कसा हाय?”

“पाझरत होता,” ते म्हणाले. “तेव्हाच.”

६

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. चांगुणाबाई धावत सुटल्या आणि त्यांचा आवाज घराघरांतून गेला, जसं वाऱ्याने दार उघडत जावं. “चुली इजवा! गुरं सोडा! दावं कापा, सोडत बसू नगा!”

शाळा समोरच्या टेकाडावर, ओढ्यापलीकडे. मधला साकव लाकडी, अरुंद. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं, मग गुरं. आप्पासाहेब साकवाच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहिले आणि प्रत्येक माणसाला नावाने हाक मारू लागले. ज्याचं नाव घेतलं तो पुढे. गुडघ्यातून कळा येत असणार. म्हातारा जागचा हलला नाही. कल्याण अनवाणी, दोन्ही काखांत शेळीची करडं घेऊन तीनदा ये-जा करून आला. ताई पोलिसांना, तहसीलला फोन लावत होत्या आणि मध्येच एका बाळंतिणीचा हात धरून चालत होत्या. रविराज एका बैलाचं दावं ओढत होते. त्यांना कुणी थांबवलं नाही. त्यांच्याशी कुणी बोललंही नाही.

मी गोजरबाईंना पाठीवर घेतलं. हाडांची मोळी, पावशेर कापसाएवढी. साकवाच्या मधोमध मी थांबलो. खाली ओढ्यात पाणी जवळजवळ नव्हतंच. ओले दगड दात विचकून वर पाहत होते.

“घाबारलास व्हय रं?” कानाशी आवाज आला.

“व्हय, आजी.”

“घाबार. पर पाय मोजून टाक.”

शाळेच्या पडवीत आप्पासाहेबांनी नावं पुन्हा घेतली. एकशे एकोणीस माणसं. एकशे अठरांनी ‘व्हय’ म्हटलं. कोण राहिलं? चांगुणाबाई! सगळ्यांना काढता काढता तीच मागे राहिली होती. मी साकवाकडे पळणार, तोच धुक्यातून ती आली, पदराची झोळी करून. झोळीत कोंबड्या होत्या.

“आगं, मरायचं हुतं का कोंबड्यांपायी?” आप्पासाहेब ओरडले.

“वासरं गेल्ती मागल्या साली,” ती धापा टाकत म्हणाली. “औंदा कायबी सोडनार न्हाई.”

तिने झोळी खाली ठेवली, आणि तेव्हाच तो आवाज आला.

आधी तो आवाजच वाटला नाही. जमिनीनं मोठा श्वास घेतल्यासारखं झालं. गुरांनी माना वर केल्या. मग धुक्याच्या आत काहीतरी फाटलं, आणि ते फाटत फाटत खाली आलं. झाडं मोडल्याचा, दगडावर दगड आदळल्याचा, आणि त्या सगळ्याच्या वर पाण्याचा आवाज. शाळेची कौलं थरथरली. बायांनी लेकरांची तोंडं पोटाशी धरली.

मग शांतता झाली. वाऱ्याचा एक लोट आला आणि सकाळपासूनचं धुकं पहिल्यांदा बाजूला सरलं.

आम्ही सगळे पडवीच्या कडेला उभे. कुणी बोलेना. ताईंनी तोंडावर हात धरलेला. भिंतीला टेकून बसलेल्या गोजरबाईंनी मान इकडून तिकडे वळवली.

“गप का झालात सारी? काय दिसतंय?”

मग त्यांनी सुनेच्या दिशेने तोंड केलं.

“चांगुने, तू सांग. माजं घर दिसतंय का?”

चांगुणाबाई तिच्याजवळ खाली बसली. तिचा सुरकुतलेला हात आपल्या ओल्या हातात घेतला.

“न्हाई, आत्ती. पानी दिसतंय. पानी आन् गाळ.”

“आन् बाकीच्यांची?”

“कुनाचंच न्हाई.”

म्हातारीचे ओठ हलत होते. बहुधा घरांची नावं घेत होती, एकेक करून. मग तिने विचारलं, “आन् मानसं?”

चांगुणाबाईने मागे वळून पाहिलं. पडवीभर माणसं, ओली, कुडकुडणारी, एकमेकांना धरून उभी.

“मानसं समदी हितं हायती, आत्ती,” ती म्हणाली. “हात पुडं कर. शिवून बग.”

आणि गोजरबाईंनी दोन्ही हात पुढे केले. एकेक जण पुढे येऊन तिच्यापुढे बसू लागला.